द्राक्षमळ्यांतून समुद्राकडे : फ्रान्समधील एका मोटारप्रवासाची आखणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणिसांनी मला दिलेला विषय 'आमचा फ्रान्सचा प्रवास' असा होता. मी तो थोडा बदलून मागून घेतला. प्रवासवर्णनाची आपल्या भाषेतील परंपरा मोठी आहे, आणि कचेरीत टिपणे लिहिण्यात हयात घालविलेल्या माणसाने तीत भर घालावी असे मला वाटत नाही. परंतु प्रवास आखावा कसा, कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या आणि कोणत्या वाटेवर सोडून द्याव्या, हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. आपल्यापैकी सहा-सात कुटुंबांनी पुढील वर्षी स्वतः मोटार चालवीत त्या बाजूस जाण्याचा मनोदय बोलून दाखविला आहे. त्यांच्यासाठी हे आखणीचे बोलणे.

एक शंका आधीच दूर करतो. 'द्राक्षमळ्यांचा प्रदेश' म्हटले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर थोडे हसू येते. मी मद्य घेत नाही. आणि ज्यांच्यासाठी हा प्रवास प्रामुख्याने आखला गेला ते माझे धाकटे बंधू गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी आहेत. तासगाव तालुक्यात त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि बहुतेक माल बेदाण्याला जातो. गेली काही वर्षे अवेळी पाऊस, औषधांचा खर्च आणि पडता भाव ह्यांनी ते गांजून गेले होते. बाग ठेवावी की काढावी, ह्या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे मन फिरत होते. "दादा, ज्यांनी हे पीक शेकडो वर्षे सांभाळलं ते आता काय करतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय," असे ते म्हणाले, आणि आमचा प्रवास बोर्दोकडे वळला. पॅरिसचा मनोरा पाहण्याची इच्छा दोघी जावांची होती. तो आम्ही परतीच्या दिवशी दुरून पाहिला, एवढीच त्याची नोंद पुरे.

आता पहिला मुद्दा, तारखांचा. तिकडे जुलै-ऑगस्ट हे शाळांच्या सुटीचे महिने. समुद्रकाठची घरे तेव्हा मिळत नाहीत, मिळाली तर दुप्पट भाड्याने. द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, समुद्राचे पाणी सप्टेंबर संपेपर्यंत सुसह्य असते आणि गर्दी ओसरलेली असते. तेव्हा सप्टेंबर हे निश्चित. परंतु सप्टेंबर म्हणजे आपला गणेशोत्सव. मंडळाच्या माजी कार्यवाहाने उत्सवात गैरहजर राहणे आपल्याला रुचले नसते, मलाही नाही. दुसऱ्या बाजूस बंधूंची फळछाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उभी. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती आणि सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला. म्हणजे विसर्जन आटोपून निघावयाचे आणि वडिलांचे पान वाढण्यास घरी परतावयाचे. पितृपक्षात एवढा मोठा प्रवास योग्य काय, असा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी काढला. परतीची तारीख दाखविल्यावर तो मिटला. १९ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर, अकरा रात्रींचे मुक्काम. आपली पंचांगे वेगळी असतील. पण आधी अशा दोन न हलणाऱ्या खुंट्या शोधाव्या आणि त्यांच्यामध्ये प्रवास ताणून बसवावा, हीच रीत मला सोयीची वाटते.

दुसरा मुद्दा मार्गाचा. पॅरिसच्या विमानतळावरच मोटार ताब्यात घेऊन थेट दक्षिणेकडे निघण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, रस्त्याच्या अनोळखी बाजूने, पावणेसहाशे किलोमीटर चालविणे हे साहस नव्हे, अविचार आहे. २०१७ च्या जुलैपासून पॅरिस ते बोर्दो हे अंतर वेगवान आगगाडी सुमारे दोन तासांत कापते. आम्ही आगगाडीने बोर्दोला गेलो, दोन रात्री झोप भरून काढली, शहर पायी पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार घेतली. पुढे पाच रात्री सेंत-एमिलियोंजवळच्या खेड्यात, दोन आर्काशोंच्या खाडीकाठी आणि दोन स्पेनच्या सीमेलगतच्या सें-जाँ-द-लुझ ह्या बंदरात. चार ठिकाणे, अकरा रात्री. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ बारा दिवसांत नऊ गावी राहून आले. त्यांच्यापाशी हॉटेलांच्या किल्ल्यांच्या आठवणी आहेत, गावांच्या नाहीत.

अंतरे फार नाहीत. बोर्दोहून सेंत-एमिलियों चाळीस किलोमीटर, मेदॉकमधील पोयाक पन्नास, आर्काशों पासष्ट, बियारित्झ दोनशे. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर तिकडच्या आतल्या रस्त्यांवर अर्धा दिवस खाते, कारण दर दहा मिनिटांनी थांबावेसे वाटते. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर ही मर्यादा आम्ही घालून घेतली होती. छापील नकाशा अवश्य घ्यावा. मिशेलिनच्या नकाशांवर निसर्गरम्य रस्त्यांना हिरवी कड असते. भ्रमणध्वनीवरील नकाशाला ह्या हिरव्या कडेचे सोयरसुतक नसते, तो आपला सरळ द्रुतगती मार्गावर नेऊन सोडतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांनी खाजगी परदेशप्रवासाची पूर्वपरवानगी, रजामंजुरी आणि खर्चाच्या पैशाचा उगम ही तिन्ही प्रकरणे प्रवासाच्या बऱ्याच आधी हातावेगळी करावी. सेवेतील प्रवाससवलत देशाबाहेर लागू नाही, हे पुष्कळांना सांगावे लागते. शेंगेन प्रवेशपत्राचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढांस ९० युरो आहे. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. वाहन चालविणाऱ्यांनी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासह जवळ बाळगावा लागतो. मोटार भाड्याने देणारे अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावावरील क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात. कार्ड मुलाचे आणि चालक वडील, असा प्रकार खिडकीपाशी निभत नाही. गाडी स्वयंचलित गिअरची हवी असल्यास आधी कळवावे. तिकडे हाताच्या गिअरची गाडी अजून पुष्कळ ठिकाणी गृहीत धरतात. आणि चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा साध्या मोटारीत मावत नाहीत. ज्यांना हे खरे वाटत नसेल त्यांनी घरच्या गाडीत एकदा भरून पाहाव्या.

आता प्रत्यक्ष वाहन हाकण्याविषयी. रस्त्याची उजवी बाजू ही भीतीची गोष्ट नाही. एकच खूण ध्यानात ठेवावी : चालकाची जागा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असते. आपण रेषेकडे बसलो आहोत ना, एवढे पाहिले की बाजू चुकत नाही. धोका असतो तो सकाळी, रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना, जेव्हा समोर दुसरे वाहन नसते आणि हात जुन्या सवयीने वळतो. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर "उजवीकडे" असे मोठ्याने म्हणण्याचा नेम होता. पहिले दोन दिवस हसू येई. तिसऱ्या दिवशी कोणी म्हटले नाही तर चुकल्यासारखे वाटे.

खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. फ्रान्समध्ये, जेथे काहीही पाटी नसेल तेथे, उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. मग तो किरकोळ गल्लीतून का येईना! आपण मोठ्या रस्त्याने चाललो आहोत म्हणून आपला हक्क पहिला, हा समज तेथे घातक ठरतो. पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी दिसली तर अग्रक्रम आपला. त्याच पाटीवर तिरकी काट मारलेली दिसली की तो संपला. वाटोळ्या चौकांत मात्र बहुतेक ठिकाणी आत असलेल्याचा मान, आणि तेथे फिरावयाचे घड्याळाच्या उलट दिशेने. वेगमर्यादा द्रुतगती मार्गावर १३०, पावसात ११०, गावात ५०, आणि दोहोंमधल्या साध्या रस्त्यांवर २०१८ पासून ८०. काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे, म्हणून पाटी पाहावी. वेग टिपणारी यंत्रे जागोजाग आहेत. दंडाची चिठ्ठी भाडे-कंपनीमार्फत आपल्या पत्त्यावर बिनचूक पोचते. पथकराच्या फाटकावर नुसते नारिंगी 'ट' अक्षर असलेल्या रांगेत शिरू नये, ती यंत्रचिठ्ठीधारकांची; हिरवा बाण असलेली रांग धरावी. पेट्रोलपंपावर 'गाझोल' असे लिहिलेले असते ते डिझेल होय. 'गॅस' ह्या अमेरिकन शब्दाशी त्याचे नाते लावून पेट्रोलच्या गाडीत ते भरणारे प्रवासी दरवर्षी निघतात असे म्हणतात.

मद्याविषयी कायदा असा की रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा. नवशिक्या चालकाला त्याहून कमी. मळ्यांच्या तळघरांत चव घेऊन थुंकून टाकण्याची भांडी ठेवलेली असतात आणि तसे करण्यात तिकडे असभ्यता मानीत नाहीत. तरीही ज्यांना चव घ्यावयाची आहे त्यांनी त्या दिवसाचा चालक सकाळीच नेमावा. आमच्या गाडीत हा प्रश्नच नव्हता. तळघरातील बाई दर वेळी आम्हां दोघा भावांकडे सहानुभूतीने पाहत.

आता मळ्यांकडे येतो, आणि येथे मला थोडा वेळ घेऊ द्यावा.

गारोन आणि दोर्दोन्य ह्या दोन नद्या बोर्दोच्या खाली एकत्र येऊन जिरोंद नावाची लांबरुंद खाडी होते. ह्या खाडीच्या डाव्या तीरावर मेदॉक, उजव्या बाजूस आत सेंत-एमिलियों, आणि दोन नद्यांच्या बेचक्यात 'दोन समुद्रांमधला' असे नाव धारण करणारा सामान्य शेतकऱ्यांचा मुलूख. बहुतेक प्रवासी पहिले दोन पाहतात. आमच्या बंधूंना तिसरा पाहावयाचा होता.

मेदॉकमधून जाणारा जिल्हा क्रमांक दोनचा रस्ता हा वाड्यांचा रस्ता म्हणून प्रसिद्ध आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून येथील मद्यांची प्रतवारी लावण्यात आली. ती लावली बोर्दोच्या दलालांनी, आणि बाजारात मिळत आलेल्या भावावरून. एकशेसत्तर वर्षे ती जवळजवळ तशीच आहे. लक्षात राहण्याजोगा मोठा बदल एकच, १९७३ साली मूतों-रोत्शिल्द ह्या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतले गेले. हे ऐकून बंधू एवढेच म्हणाले, "दलालानं एकदा ठरवलं की ठरलं, म्हणजे इथंही तेच." ह्या वाड्यांत शिरावयाचे तर आठवडे आधी वेळ मागून घ्यावी लागते, आणि तोडणीच्या दिवसांत पुष्कळ वाडे पाहुण्यांना दार बंद ठेवतात. आम्हांला ते जड गेले नाही, कारण आमचे तीर्थस्थान वाड्यात नव्हते, रस्त्याच्या कडेला होते.

आपल्याकडे द्राक्षबागायतदार 'बोर्डो' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, की एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण झाले. कोकणातले सुपारीवालेही ते वापरतात. हे बोर्डो म्हणजेच हे बोर्दो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्राक्षवेलींची मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही अमेरिकन कीड फ्रान्समध्ये पसरली. तिला दाद न देणारे अमेरिकन खुंट आणून त्यांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधली गेली. परंतु अमेरिकेतून आणलेल्या त्या वेलींबरोबरच केवडा रोगही आला. एका संकटाचा उतारा दुसरे संकट घेऊन आला. १८८२ च्या शरदात बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे हे मेदॉकमधील सें-जुलियें गावाच्या वाटेने जात असताना त्यांना दिसले की आतल्या वेलींची पाने केवड्याने गळून गेली आहेत, आणि अगदी वाटेच्या कडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडीत. चोरासाठी केलेला बंदोबस्त रोगाला लागू पडला होता. पुढे रसायनतज्ज्ञ गायों ह्यांच्या साह्याने प्रयोग करून १८८५ साली मियार्दे ह्यांनी हे मिश्रण जाहीर केले. सें-जुलियेंच्या त्या रस्त्यावर बंधूंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून कडेच्या वेलीच्या एका पानाला हात लावला आणि काही न बोलता परत येऊन बसले.

दोन्हीकडच्या बागांतील फरक ते मला समजावून सांगत होते, तो आपल्याही उपयोगी पडेल. कारण पाहावयाचे काय हे ठाऊक नसेल तर सगळे मळे सारखेच दिसतात. आपल्याकडे मांडवावर किंवा वाय-आकाराच्या आधारावर वेल चढवितात आणि एकरी साताठशे ते हजार झाडे असतात. मेदॉकमध्ये वेल कमरेच्या उंचीची, तारेला बांधलेली, आणि हेक्टरी दहा हजारांपर्यंत. जमीन म्हणावी तर गोटे. हेच गोटे दिवसा तापून रात्री वेलीला ऊब देतात. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळाची. तिकडे थंडीत पाने गळून वेल निजते आणि तेव्हा एकच छाटणी होते. आपल्याकडे ठिबक नळीवाचून आणि टंचाईत टँकरवाचून बाग जगत नाही. तिकडे नावाजलेल्या मळ्यांत फळत्या वेलीला पाणी देण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, अलीकडे काही अटींवर सूट मिळते एवढेच. खुंटावर कलम मात्र दोन्हीकडे. तिकडे किडीसाठी, आपल्याकडे खारे पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी. आपल्याकडचा डॉगरिज हा खुंटही मूळचा अमेरिकनच. ओळींच्या टोकांना गुलाबाची झुडपे दिसतात. भुरी रोगाची चाहूल आधी गुलाबावर लागते अशी जुनी समजूत त्यामागे आहे. आता ती बहुधा शोभेसाठीच.

पाच रात्रींसाठी आम्ही घेतलेले घर एका मध्यम मळेवाल्याचे होते. अशी घरे हंगामात बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. सप्टेंबरअखेर मालक चार-पाच रात्रींनाही तयार होतात. गृहस्थ साठीचे, त्यांना इंग्रजी जेमतेम, आम्हांला फ्रेंच मुळीच नाही. बोलणे भ्रमणध्वनीवरील भाषांतरयंत्राच्या आधाराने. २०२४ हे त्या भागात पावसाचे वर्ष होते आणि केवड्याने थैमान घातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधूंनी कुंपणापलीकडचे एक पान उलटे करून त्याखालची पांढरी बुरशी दाखविली आणि म्हणाले, "केवडा." गृहस्थ म्हणाले, "मिल्द्यू." मग दोघेही एकदमच "बोर्दो!" म्हणाले आणि हसले. त्यानंतर भाषांतरयंत्राची गरज बरीच कमी झाली.

त्यांनी आम्हांला उपटलेली शेते दाखविली. हे दृश्य कोणत्याही प्रवासी-पुस्तिकेत नाही. सगळे जग ज्या प्रदेशाचे नाव आदराने घेते, तेथे नामांकित वाड्यांच्या पलीकडे हजारो शेतकरी ठोक भावाने माल विकतात, आणि त्यात त्यांचा खर्च निघत नाही. लाल मद्याचा खप घटत चालला आहे. फ्रान्समधील तरुण पिढी आजोबांएवढे मद्य पीत नाही. सोडून दिलेल्या बागा रोगांची आगरे होतात. म्हणून २०२३ साली शासन आणि तेथील मद्य-व्यवसायाची संघटना ह्यांनी मिळून बोर्दो विभागात सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बाग उपटण्यासाठी ५ कोटी ७० लाख युरोंची योजना केली : हेक्टरी ६,००० युरो, आणि त्या जमिनीवर दीर्घकाळ पुन्हा द्राक्ष लावावयाचे नाही. गृहस्थांनी आपल्या मळ्याचा तिसरा हिस्सा ह्या योजनेत दिला होता. ओळींच्या जागी गवत, आणि शेताच्या कोपऱ्यात काळ्या खुंटांचा ढीग. तो ढीग त्यांच्या वडिलांनी लावलेल्या बागेचा होता.

बंधूंनी त्यांना एकच प्रश्न विचारला : उपटताना कोणती बाग आधी निवडली? जुनी, की तोट्याची? उत्तर आले : जिच्यात उतरताना सकाळी पाय जड होतो ती. यंत्राने काय भाषांतर केले आणि मूळ वाक्य काय होते हे मी सांगू शकत नाही, पण बंधूंना ते पोचले. परत आल्यावर त्यांनी तीनपैकी दोन एकरांची फळछाटणी घेतली आणि ओढ्याकाठचा एक एकर काढला. तेथे आता ऊस नाही, हळद आहे. मोबदला अर्थातच कोणी दिला नाही.

सेंत-एमिलियों हे गावही ह्याच मुक्कामातून पाहावे. हा सारा द्राक्षप्रदेश १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. गावाच्या पोटात चुनखडीचा खडक कोरून काढलेले बाराव्या शतकातील देवालय आहे. सुमारे अडतीस मीटर लांब, बारा मीटर उंच. कार्ले-वेरूळ पाहिलेल्या आपल्या माणसाला ते फार मोठे वाटणार नाही. परंतु त्याच्या डोक्यावर पुढे उंच घंटाघर बांधले गेले आणि त्याचा भार खालच्या कोरीव खांबांवर आला. त्या खांबांना अलीकडे आधार देऊन जखडावे लागले आहे. आपल्या कोरक्यांनी वर काही बांधले नाही, हे त्यांचे शहाणपण तेथे गेल्यावर समजले. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. वेळ आधी घ्यावी.

तेथून पूर्वेस वीसएक किलोमीटरवर एक मनोरा आहे. वाङ्मयाची आवड असलेल्या मंडळाच्या सभासदांनी तो चुकवू नये. मोंतेन हा बोर्दोच्या न्यायसभेतील अधिकारी. १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नोकरीतून निवृत्त होऊन ह्या मनोऱ्यात ग्रंथ घेऊन बसला आणि त्याने निबंध हा वाङ्मयप्रकार जगाला दिला. आपल्या फडके-खांडेकर-काणेकरांच्या लघुनिबंधाचे गोत्र शोधीत गेले तर ह्याच दारात येऊन थांबते. त्याच्या ग्रंथालयाच्या तुळयांवर लॅटिन आणि ग्रीक वचने रंगविलेली आहेत, ती अजून वाचता येतात. १८८५ च्या आगीत वाडा जळाला, मनोरा वाचला. अडतिसाव्या वर्षी निवृत्ती! आमच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत ते कसे बसले असते ह्याचा विचार मी जिना उतरताना करीत होतो.

मेदॉकहून परतताना त्याच रस्त्याने येऊ नये. लामार्कहून मोटारीसकट नावेत चढून पलीकडच्या ब्लाय गावी उतरावे. नावेच्या वेळा आदल्या दिवशी पाहाव्या. तेथे वोबाँ ह्या दुर्गशास्त्रज्ञाने १६८५ नंतर बांधलेला किल्ला आहे. वोबाँ शिवछत्रपतींहून तीन वर्षांनी लहान. खाडी इतकी रुंद की एका तीरावरच्या तोफेचा मारा दुसऱ्या तीरापर्यंत पोचेना. म्हणून त्याने एक किल्ला ह्या तीरावर, एक त्या तीरावर आणि एक बेटावर असे तिहेरी कुलूप घातले. ज्यांनी जंजिऱ्यासमोर उभा केलेला पद्मदुर्ग पाहिला आहे त्यांना हा विचार परका वाटणार नाही. खाडीकाठी खांबांवर उभ्या झोपड्या आणि त्यांना लटकलेली चौकोनी जाळी दिसतात; कोचीच्या जाळ्यांची आठवण होते.

समुद्राविषयी सावधगिरीचे दोन शब्द. हा अटलांटिक आहे. वाळूत तयार होणाऱ्या खळग्यांतून ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढून नेते. तेव्हा जीवरक्षकांनी झेंडे लावून आखलेल्या पट्ट्यातच उतरावे. आर्काशोंजवळची पिलाची वाळूची टेकडी शंभर मीटरांहून उंच आणि पावणेतीन किलोमीटर लांब आहे. युरोपात तिच्याएवढी उंच दुसरी नाही. ती दरवर्षी काही मीटर आत सरकते आणि मागचे पाइनचे अरण्य गिळीत जाते. हे अरण्यही माणसाने लावलेले. दलदलीचा हा मुलूख १८५७ च्या कायद्याने निचरा करून पाइनखाली आणला गेला. २०२२ च्या जुलैत टेकडीमागचे हजारो हेक्टर जंगल जळाले. वर चढून मागे पाहिले की त्याच्या खुणा दिसतात. संध्याकाळी चढावे, वाळू तापलेली नसते.

बियारित्झ हे तिसऱ्या नेपोलियनच्या राणीमुळे नावारूपास आले. मला ते फार सजलेले वाटले. सें-जाँ-द-लुझ मात्र मनात भरले. १६६० च्या जूनमध्ये चौदाव्या लुईचे स्पेनच्या राजकन्येशी लग्न तेथल्या देवळात लागले. त्याच दिवसांत पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला होता. इतिहासाची दोन पाने शेजारी ठेवून पाहण्याची सवय मला मराठी शाळेने लावली, ती जात नाही. आत डोंगराकडे एस्पेलेत नावाचे गाव आहे. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात घरांच्या दर्शनी भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या असतात, आणि त्या मिरचीला २००० साली स्थलनामाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आहे. दहा दिवस सौम्य जेवणावर काढलेल्या दोघी जावांनी तेथे जी खरेदी केली तिने परतीच्या बॅगेचे वजन ठरविले.

जेवणाचे सांगावयाचे राहिले. दुपारी बारा ते दोन ही वेळ चुकली की खेड्यात शिजलेले अन्न मिळत नाही. रविवार-सोमवारी पुष्कळ ठिकाणी मुळीच नाही. शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, आठवडी बाजारातून भाजी, फळे आणि पाव आणावा, आणि भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. तूप, पेढे किंवा दुधाचे इतर पदार्थ नेऊ नयेत. युरोपीय संघाच्या नियमांनी त्यांना मज्जाव आहे.

शेवटी, एका गाडीत चार, आणि फार तर दोन गाड्या. मंडळाची तीस माणसे घेऊन असा प्रवास करण्याची सूचना काल कार्यकारिणीत आली. तीस माणसांसाठी बस हेच वाहन योग्य, आणि त्या प्रवासाची आखणी निराळ्या माणसाने करावी. ज्यांना दोन-दोन जोडप्यांनी जावयाचे आहे त्यांच्यासाठी पेन्सिलीच्या खुणा केलेला आमचा नकाशा, घरांच्या भाड्याची टिपणे आणि दिवसावार खर्चाचा हिशेब मी मंडळाच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. नकाशा तेथेच बसून पाहावा, घरी नेऊ नये. बंधूंनी तो परत मागितला आहे.